अठरा हातांवरचं पाणी

“आणि लोकांना काय सांगायचं? सासऱ्याने खणलेल्या विहिरीचं पाणी सुनेला चालत नाही, म्हणून ती माहेरी जाताना कॅन भरून नेते?”

“लोकांना काही सांगायचं नाही, आई. ठकीला पाजायचं, एवढंच.”

“तू त्याच पाण्यावर वाढलीस ना? काय झालं तुला? चांगली धडधाकट आहेस.”

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उकिडवी बसून वीस लिटरच्या कॅनचं झाकण आवळत होती. दुसरा कॅन तिच्यामागे रिकामा पडला होता आणि ओट्यावर मोठ्या पातेल्यात उकळलेलं पाणी निवत होतं. सकाळपासून सासू-सुनेचं हेच चाललं होतं. आधी दबक्या आवाजात, मग भांड्यांच्या आवाजात, आणि आता उघड. गुरुवारच्या बसने सूनबाई तीन वर्षांच्या ठकीला घेऊन माहेरी जाणार होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दोन महिने तरी राहावं लागणार होतं. त्याला सासूबाईंची, म्हणजे काकूंची, हरकत नव्हती. हरकत होती ती या दोन कॅनना.

“दोन महिने चाळीस लिटर पुरतंय होय?” काकूंनी आता दुसरी बाजू धरली.

“एकट्या ठकीला, नुसतं प्यायला. दिवसाला पाऊण लिटर धरलंय. पन्नास दिवस निघतात. पुढचं भाऊ बघेल.”

“बघा बाई, गणित! आणि तू काय पिणार? हवा?”

“माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय.”

“काय होऊन गेलंय? नीट बोल की. पंचेचाळीस हात खोल विहीर आहे ती, पाणी बघावं तर काच. यांनी छत्तीस विहिरी खणल्या, पण त्या एका विहिरीचं नाव निघालं की अजून यांचा चेहरा...”

“त्या विहिरीवर लाल फुली मारलीय, आई.”

सूनबाईला हे बोलायचं नव्हतं. दोन महिने तिने ते पोटात ठेवलं होतं; नवऱ्यालासुद्धा ‘बाबांना कळू देऊ नका’ अशी ताकीद दिली होती. आता ते बाहेर पडलं आणि दोघींनी एकदमच मान वळवून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी काका बसले होते. त्यांना सगळा गाव खालचे काका म्हणायचा. घराला खालचा मजला वगैरे काही नव्हता. पण पस्तीस वर्षं दारात कुणीही येऊन “काका आहेत का?” म्हणून विचारलं, की काकू आतूनच ओरडायच्या, “खाली आहेत!” म्हणजे कुठल्यातरी विहिरीत आहेत. गुडघे गेल्यापासून काका पाच वर्षं वरच होते, पण नाव खालीच राहिलं.

खिडकीला आडव्या तीन फळ्या होत्या आणि त्यांवर छत्तीस बाटल्या. औषधाच्या, सरबताच्या, शाईच्या, एक अत्तराची. प्रत्येकीत पाणी, तोंडाला मेण आणि गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ‘शाळेमागची.’ ‘टेकडीखाली.’ ‘दोन भावांचा बांध.’ ‘वाकडं झाड.’ सकाळी ऊन आलं की छत्तीस बाटल्यांतून गाळून समोरच्या भिंतीवर पडायचं आणि भिंत हळूहळू हलायला लागायची. काही बाटल्यांचा उजेड हिरवट, काहींचा चहासारखा, एक-दोघींचा निखळ पांढरा. ठकी त्या डागांवर तळहात ठेवून “पकडलं” म्हणायची आणि काका तिच्या हाताच्या पाठीवर पडलेला डाग दाखवून “सुटलं बघ” म्हणायचे. दोघांचा सकाळचा अर्धा तास असा जायचा.

त्या दिवशीही ठकीने हात ठेवला होता. “पकडलं,” ती म्हणाली. काकांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती.

बाटल्यांची सुरुवात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. नव्या नवरीने विचारलं होतं, “तुम्ही दिवसभर खाली करता तरी काय?” काकांना ते शब्दांत सांगता येईना. त्यांनी दुसऱ्या दिवशी विहिरीला लागलेलं पहिलं पाणी खोकल्याच्या बाटलीत भरून आणलं आणि तिच्या हातात दिलं. “हे,” ते म्हणाले. काकूंनी ती बाटली आठ दिवस उशाशी ठेवली होती. आता हे त्या कुणाला सांगत नाहीत. आता विचारलं तर सांगतात, की पस्तीस वर्षं मुरमाचे कपडे धुतले, आणि गावोगाव पाणी काढणाऱ्या या माणसाला घरच्या नळाचा वायसर बदलायला तीन वर्षं लागली.

पण त्या दिवसापासून रीत पडली. पाणी लागलं की कुणाच्याही ओंजळीत जाण्याआधी ते बाटलीत जायचं. काका खिशात रिकामी बाटली घेऊनच दोराला लागायचे.

खाली गेल्यावर काकांचं जग वेगळं होतं. आभाळ आधी परातीएवढं दिसे, मग ताटाएवढं, मग वाटीएवढं. लोक म्हणत, की खोल विहिरीतून भरदिवसा चांदण्या दिसतात. काकांना कधी दिसल्या नाहीत. पण वरून टाकलेली हाक खाली यायला उशीर लागतो आणि येताना ती मऊ होते, हे खरं होतं. वर रागाने ओरडलेलं खाली पोचेपर्यंत लाडिक होऊन जाई. तिथे कुणी काही मागत नसे. मातीला प्रत्येक हाताला निराळा वास यायचा. आणि मग एखाद्या दुपारी पहारीचा आवाज बदलायचा, कोरड्याचा ओला व्हायचा, आणि पायाच्या बोटांना कुणीतरी झोपेत चाळवल्यासारखं गार लागायचं. त्या क्षणासाठी काका जन्मभर खाली जात राहिले. वर आल्यावर लोक हार घालायचे, तेव्हा ते अर्धे झोपेतच असायचे.

सूनबाईच्या माहेरची विहीर तीस वर्षांपूर्वीची. ती एक उघडी वस्ती होती, ओढ्याचं गढूळ पाणी पिणारी. दरवर्षी पाणी वाढलं की जुलाबाने दोन-तीन लेकरं जायची. काकांनी तिथे सात महिने खणलं. सूनबाईचे वडील तेव्हा वर दोर धरायला असत. पुढे त्या दोराचंच नातं झालं. पंचेचाळीस हातांवर खडक फुटला आणि असं पाणी आलं, की तळाशी टाकलेली सुई वरून दिसावी. त्यानंतर वस्तीतलं एकही मूल जुलाबाने गेलं नाही. छत्तीस बाटल्यांत सगळ्यांत पांढरा उजेड त्याच बाटलीचा पडायचा, म्हणून ती मधोमध होती.

“सूनबाई,” काकांनी हाक मारली. “लाल फुली म्हणजे काय?”

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मागोमाग काकू. “अहो, काही नाही, पोरींचं आपलं...”

“तिला बोलू दे गं.”

“पाणी तपासणाऱ्या बाई वस्तीवर आल्या होत्या, बाबा. प्यायचं नाही म्हणाल्या. धुण्याला चालेल. त्या पाण्याने...” ती थांबली. बोलताना तिचा हात सवयीने ओठांवर गेला होता. “लहान मुलांचे दात आतूनच डागाळतात म्हणाल्या. मोठेपणी हाडंही धरतात कुणाकुणाची.”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “सूनबाई, जरा हस बरं.”

“अहो, काहीतरीच काय!” काकू म्हणाल्या.

सूनबाई हसली नाही. तिने हात मात्र खाली घेतला आणि ओठ उघडले. पाच वर्षं ती या घरात तोंडावर हात ठेवून हसत आली होती आणि काकूंनी शेजारणींना अभिमानाने सांगितलं होतं, की आमची सून मर्यादेची आहे. दातांवर तपकिरी आडव्या रेघा होत्या, माती उतरत जावी तशा, थरांच्या.

“तुझ्या भावाचे?”

“पांढरे आहेत.”

“तो केवढा होता विहिरीच्या वेळी?”

“दहा-अकराचा. मी विहिरीनंतरची.”

काका भिंतीचा आधार घेत उठले आणि लग्नाच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मुलीकडची माणसं डावीकडे होती. वडील, चुलते, आत्या, मोठा भाऊ, सगळी तोंडभर हसत होती. पुढच्या रांगेत चुलत-मावस भावंडं, सगळी तिशीच्या आतली. त्यांतल्या एकाचेही ओठ उघडे नव्हते. हा फोटो आला तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “जरा शिष्टच आहेत नाही ती पोरं?” पाच वर्षं तो फोटो तिथेच होता. रोज त्यावरची धूळ पुसली जात होती.

“विहिरीआधीचे हसतायत,” काका म्हणाले. 

दुपारी ते जेवले नाहीत. खुर्चीतच त्यांचा डोळा लागला आणि ते खाली गेले. दोर नव्हता, घमेलं नव्हतं. नुसते उतरत होते, एखादं पान पाण्यात उतरतं तसे. डावा हात भिंतीवरून सरकत होता आणि हात आपोआप मोजत होता. सात. अकरा. माती तांबडी झाली, मग पिवळी. सोळा. सतरा. अठराव्या हाताला तळवा ओला झाला. काका थांबले. तिथे भिंतीतून पाणी येत होतं, बोटाएवढं, पाझरत, न बोलता. ‘तू अजून आहेस?’ त्यांनी विचारलं. आणि जागे झाले तेव्हा डावा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता आणि ठकी त्या हातावर आपल्या कपातलं पाणी ओतत होती.

“आजोबा तापले होते,” तिने काकूंना सांगितलं.

काका मात्र सरळ बसले होते. “अगं, त्या विहिरीची आणखी एक बाटली होती. लहान. गढूळ पाण्याची.”

“सदतिसावी?”

“तू टाकली असशील.”

काकू आत गेल्या. मिठाच्या बरणीमागून त्यांनी बोटभर लांबीची औषधाची बाटली काढली. मेण काळं पडलं होतं, चिठ्ठीवर नुसतं ‘१८’ लिहिलं होतं. “रांगेत बरी दिसत नव्हती, म्हणून इकडे ठेवलेली. टाकीन कशी? तुम्ही आणलेली.”

गाळ कधीच तळाला बसला होता. वर पाणी स्वच्छ होतं.

मग काकांनी सांगितलं. तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या विहिरीला पाणी खरं तर अठराव्या हातालाच लागलं होतं. टेकडीच्या अंगाला, पिवळ्या मुरमाच्या भेगेतून. धार बारीक होती, पाणी जरा मातकट. रीतीप्रमाणे बाटली भरली. पण खणणाऱ्यांच्यात अठरा हातांवर कुणी थांबत नसे. अठरा हातांची विहीर म्हणजे खड्डा, असं हसणं व्हायचं. खोल ते चांगलं आणि निवळ ते शुद्ध, हे वडिलांपासून चालत आलेलं. पाझर पायाखाली चिखल करत होता, पुढचं काम अडत होतं. तेव्हा काकांनी गोणपाटाचा बोळा चिकणमातीत मळला आणि आपल्या हाताने भेगेत ठोकून बसवला. मग वरून बांधकाम झालं. वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. दोर धरणाऱ्यालाही नाही. तो वर होता.

“म्हणजे तिथे वरचं पाणी आहे?” सूनबाईने विचारलं. “बाई म्हणाल्या होत्या, या वस्तीत वरचं पाणीच नाही. ओढ्याचं घाण, खालचं हे असं. आता टँकर येईल तेव्हा येईल.”

“आहे. मी झोपवून ठेवलंय.”

मंगळवारी सूनबाई त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेली. वस्तीवर गेलेल्या त्याच पाणी तपासणाऱ्या बाई दर मंगळवारी तिथे मागच्या खोलीत बसत. खोलीत एक टेबल, एक बेसिन आणि परीक्षानळ्यांची लाकडी घोडी. बाई तरुण होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती. काकांनी रुमालातून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

“तीस वर्षांचं पाणी?” बाईंनी चष्मा वर केला. “आजोबा, हे मला कागदावर नाही घेता येणार.”

“कागदावर नको. मला दाखवा.”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि मेण खरवडलं. मधल्या फळीवरच्या त्या बाटलीतलं पाणी नळीत ओतताना काकांनी श्वास धरला. तीस वर्षांचा उजेड होता तो. बाईंनी लाल औषधाचे थेंब टाकले. चांगल्या पाण्यात रंग गुलाबी राहतो, त्या म्हणाल्या. फ्लोराइड जास्त असेल तर पिवळा पडतो. खोल खडकातून ते पाण्यात उतरतं, चव नाही, वास नाही. त्या बोलत असतानाच नळीतला गुलाबी रंग विरत गेला. सावकाश, संध्याकाळ सरते तसा. पिवळं राहिलं.

मग लहान बाटली. बाईंनी गाळ न हलवता वरचं पाणी घेतलं. थेंब टाकले. तिघंही नळीकडे बघत बसली. बाहेर बाकावर कुणीतरी खोकत होतं. गुलाबी रंग गुलाबीच राहिला.

बाई आणखी पाच मिनिटं थांबल्या, मग नळी उजेडाकडे धरून पाहिली. “हे कुठलं?”

“त्याच विहिरीचं. अठरा हातांवरचं, टेकडीच्या अंगाचं.”

“शक्य आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पावसाचं मुरलेलं पाणी. खडकापर्यंत गेलेलंच नाही.” मग काकांकडे वळल्या. “ताजा नमुना लागेल मला. विहिरीला धक्का न लावता टेकडीच्या अंगाला दुसरी उथळ विहीर घ्यावी लागेल. वर झाकण, हातपंप, भोवती सिमेंटचा ओटा, नाहीतर पुन्हा जुलाब. पण ती भेग नेमकी कुठे आहे, हे कोण सांगणार?”

काकांनी डावा हात टेबलावर ठेवला, उलटा, तळवा वर. जणू तो हातच उत्तर होता. मग त्यांना वाटलं असावं, की हे पुरेसं नाही. “मी बुजवली,” ते म्हणाले. “मलाच माहीत आहे.”

परतताना ते रस्त्याने चालत होते, पण सूनबाईला वाटलं, की ते कुठेतरी उतरतायत. पायरी नसलेल्या जागी ते पाय जपून टाकत होते. कोपऱ्यावर तिने विचारलं, “बाबा, तिथल्या लोकांना कळलं तर ते काय म्हणतील, याचा विचार करताय का?”

“तुझ्या वडिलांनी दोर धरला होता,” काका म्हणाले. “सात महिन्यांत एकदा हातातून सुटू दिला नाही.”

त्या रात्री जेवायला सगळे होते. औषधाच्या दुकानातून मुलगा आला होता, ठकी त्याच्या मांडीवर बसून त्याच्याच ताटातलं खात होती. काकू वाढत होत्या आणि नेहमीप्रमाणे बोलत होत्या. आरोग्य केंद्रात काय झालं ते त्यांना कळलं होतं, म्हणूनच त्या दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होत्या. पातेल्याच्या बुडाबद्दल, शेजारणीच्या शिलाई मशीनबद्दल. मधल्या फळीवर एका बाटलीची जागा मोकळी होती. तिथून रस्त्यावरचा दिवा दिसत होता. इतकी वर्षं तिथे दिवा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“वस्तीवरच्या लोकांना फोनवर सांगता येईल,” मुलगा म्हणाला. “बाबा, मी बोलतो त्यांच्याशी. टेकडीच्या बाजूला खणा म्हणावं.”

“टेकडीच्या बाजूला काय, कुठेही खणतील,” काकू म्हणाल्या. “आणि यांच्या गुडघ्यांना आता पाटावर बसवत नाही. अहो, आमटी घ्या.”

काकांनी पाण्याचा पेला उचलला, पाण्याकडे बघितलं, प्यायले आणि खाली ठेवला.

“गुरुवारच्या बसने मी सूनबाईबरोबर चाललो,” ते म्हणाले. “लहान पहार माळ्यावर आहे, ती काढून ठेवा. खाली उतरायला वस्तीतली दोन माणसं घेईन, मी काठावर बसेन. आधी सगळ्यांना गोळा करून सांगेन, मी काय केलं ते. मग जागा दाखवेन. दिवसाला एक हात धरला तर अठरा दिवस.”

 ठकीने हातातला घास खाली ठेवला.

“आणि कॅन दोन नको, चार भरा. वीस दिवस मीही तेच पिणार.”